मध्ये कुणी नसताना

चिरगाँवच्या बसस्टँडवर एक सिमेंटचा बाक आहे. त्याचा एक पाय खचलाय, त्यामुळे डावीकडे बसलं की माणूस हळूहळू घसरत खाली येतो. नोकरी होती तोवर, कित्येक वर्षं, महिन्यातून तीन-चारदा मी त्या बाकावर बसायची आणि दर वेळी उजवीकडे बसायचं विसरायची. खांद्याला पिशवी, पिशवीत बीपीचं मशीन, तपासणीचे कागद, डब्यात दोन थालीपिठं आणि एक रबरी बाळ. ते बाळ पाहून बसमधल्या बायका आधी दचकायच्या, मग हसायच्या, मग विचारायच्या, "दीदी, जो काए के लाने?" कशासाठी ते मी सांगायची, जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर काय करायचं ते यावर नर्सना शिकवायचं असतं. मग अख्खी बस आपापल्या बाळंतपणांच्या हकिगती सांगायला लागायची. सुरुवातीला मी त्या कान देऊन ऐकायची. शेवटी शेवटी डोळे मिटून घ्यायची.

दुर्गम गावांतल्या नर्सना मी मार्गदर्शन करते, असं माझ्या ओळखपत्रावर छापलेलं होतं. प्रत्यक्षात काय, तर उपकेंद्रांत एकट्या बसलेल्या मुलींच्या शेजारी जाऊन बसायचं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, बाळाचा वजनकाटा, बाहेर एक हापसा, आणि आजूबाजूच्या चार-पाच गावांना मिळून एक नर्स. तिचं चुकलं तर दाखवायचं, ती घाबरली तर पाठीवर हात ठेवायचा, आणि नोकरी सोडून पळायला लागली तर थांबवायचं. हे शेवटचं काम सगळ्यात जास्त. मी स्वतः पूर्वी नर्सच होते, वॉर्डात उभी राहून गुडघे झिजवले, म्हणून मला हे बसायचं काम दिलं. बसण्यासाठी आधी इतकं चालावं लागेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही मूळचे इथलेच, झाशीचे. म्हणजे महाराष्ट्रातून आलेले, पण इतक्या पिढ्यांपूर्वी की आता तिकडे कुणी ओळखत नाही. दतिया गेटपाशी घर आहे. माझे यजमान मात्र नागपूरकडचे, सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी झाशीला आले आणि माझ्या पदरी पडून इथेच राहिले. माझ्या मराठीला ते अजून हसतात. मी 'मुदपाक' म्हटलं की म्हणतात, स्वयंपाकघर म्हण की, आपण काय राजवाड्यात राहतो? मुलगी आम्हा दोघांनाही हिंदीतून उत्तर देते. हे सांगायचं कारण एवढंच, की इथे जन्म गेला तरी या मुलखातल्या काही गोष्टी मी नुसत्या पाहिल्या, समजून घेतल्या नाहीत. त्यातल्या एका गोष्टीची किंमत दुसऱ्याच एका बाईने दिली आणि ते मला अजून गिळता येत नाही.

चिरगाँवहून आत, पक्का रस्ता संपल्यावरही बरंच पुढे, एक गाव आहे. तिथल्या उपकेंद्रात नर्स टिकायची नाही. एक कानपूरकडची होती, ती चार महिन्यांत गेली. दुसरीला राहायला खोली मिळेना. एकट्या बाईला खोली कोण देतो? मिळाली ती अशी, की दाराला आतून कडीच नव्हती. तिसरी रोज झाशीहून जायची-यायची, तिची कंबर गेली. मग माझ्या एका तुकडीत एक मुलगी शिकायला आली. सडपातळ, आवाज बारीक, पण हात असा स्थिर, की रबरी बाळाला श्वास देताना बाकीच्या मुलींनी आपलं काम थांबवून तिच्याकडे बघावं. नाव-गाव विचारलं तर कळलं, लग्न झालंय आणि सासर नेमकं त्याच गावात.

मला केवढा आनंद झाला! गावचीच सून. खोलीचा प्रश्न नाही, एकटेपणाचा प्रश्न नाही, पळून जाण्याचा तर नाहीच नाही. मी लगेच शिफारस लिहिली. साहेबांशी थेट बोलायची मला कधी सवय नाही, म्हणून कार्यालयातल्या बाबूला दोनदा आठवण केली आणि त्याने साहेबांच्या कानावर घातलं. तिला सांगितलं तेव्हा तिने आधी गावाचं नाव परत विचारलं. मग म्हणाली, "ससुराल में, दीदी?"

"मग काय झालं? घरची माणसं असतील, जेवायला गरम मिळेल," मी म्हटलं.

 नेमणुकीच्या दिवशी ती पेढे घेऊन आली. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीतला हा सगळ्यात हुशारीचा निर्णय, असं मी घरी येऊन यजमानांना सांगितलं. त्यांनी दोन पेढे खाल्ले.

पहिलं वर्ष फार छान गेलं. मी जायची तेव्हा फरशी पुसलेली, औषधं तारखेप्रमाणे लावलेली, गरोदर बायकांची यादी भिंतीवर. आशा, म्हणजे गावातली आरोग्याचं काम बघणारी बाई, कायम तिच्यासोबत असायची. पुरुष कुणी दाराशी आला की नर्सचा पदर कपाळावरून खाली यायचा आणि बोलायचं काम आशा करायची. मी ते पाहायची. खोटं कशाला सांगू, मला ते गोडच वाटायचं. आमच्या घरांतही माझी आई मोठ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचीच. पण तो डोक्यावर. तिथून तो तोंडापर्यंत कधी आला नाही. आणि थोरले दीर, म्हणजे भावजी, हे तर आमच्याकडे जेवायला बसल्यावर टिंगल करायचं हक्काचं माणूस. त्यामुळे पदर म्हणजे कापड, एवढीच माझी समजूत.

मग त्या गावातलं एक बाळ गेलं.

दुसऱ्या एका घरातली सून होती, आठवा महिना. रक्तदाब खूप वाढलेला, पाय सुजलेले, डोकं दुखत होतं. नर्सने बरोबर ओळखलं, बरोबर लिहिलं, आजच्या आज झाशीला न्या असं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला झटके आले. मग धावपळ. आई वाचली, बाळ वाचलं नाही. असं काही झालं की चौकशीचा एक कागद भरायचा असतो, तो घेऊन मी गेले. त्यावर उशीर का झाला याचे चौकोन आहेत. कुटुंबाने निर्णय घेतला नाही, वाहन मिळालं नाही, दवाखान्यात वेळ गेला. मी पहिल्या चौकोनात खूण करायला पेन टेकवलं आणि सहज विचारलं, "तू त्यांना नीट सांगितलं होतंस ना?"

"कहा था, दीदी."

"कुणाला?"

"उनकी अम्मा से."

"आणि सासरा, नवरा? घरातले पुरुष?"

ती टेबलाच्या कडेवरचा रंग नखाने खरवडत राहिली. पुरुष बाहेरच खाटेवर बसले होते म्हणाली. चार हातांवर. नात्याने ते सगळे तिचे सासरे आणि जेठ. जेठ म्हणजे थोरला दीर, आणि गावच्या सुनेला गावातला प्रत्येक वडीलधारा पुरुष यांपैकी काहीतरी लागतोच. त्यांच्याशी सून बोलत नाही. एक शब्दही नाही. आशा त्या दिवशी माहेरी गेली होती. म्हणून हिने जे सांगायचं ते आतल्या म्हातारीला सांगितलं आणि म्हातारीने बाहेर जाऊन सांगितलं, "कमजोरी है, कभऊँ दिखा दइयो." म्हणजे अशक्तपणा आहे, कधीतरी दाखवून आणा. हिने ते दाराआडून ऐकलं. तिच्या कानांनी ऐकलं, की निरोप बदलला.

"मग तू बाहेर जाऊन का नाही बोललीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला साडी सोडून रस्त्यावर जायला सांगितलं होतं.

परतताना बसमध्ये मला कुणी काही विचारलं नाही, रबरी बाळ पिशवीच्या तळाशी होतं. मी खूण कुठे केली, ते सांगते. पहिल्याच चौकोनात केली, कुटुंबाने निर्णय घेतला नाही. तिला तिच्याच सासरी नेमणारी बाई चुकली, असा चौकोन त्या कागदावर नव्हता. असता तरी मी खूण केली असती का, देव जाणे. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. यजमान म्हणाले, तू एकटी काय काय बघणार? ते समजूत घालायला म्हणाले, पण मला त्यांचाच राग आला.

पुढच्या महिन्यात झाशीला प्रशिक्षण होतं. रक्त जाणं, झटके, बाळाचा श्वास, हे आम्ही दर वेळी करायचो. या वेळी मी एक नवा खेळ ठेवला. यजमानांचा पंचा डोक्याला गुंडाळून खुर्चीत बसले, खाकरले आणि मुलींना म्हटलं, मी घरातला मोठा पुरुष, तुमचा पेशंट आत आहे, मला पटवा. मुली हसून हसून लोळल्या. एकेक येऊन बोलून गेली. काहींनी तर मला असं झापलं, की बहुतेक जुना हिशेब चुकता केला असावा. मग हिची पाळी आली.

ती उभी राहिली. पदर आपोआप पुढे आला. समोर मी होते, पंचा गुंडाळलेली पन्नाशी उलटलेली बाई, तिला ते दिसत होतं. तरी तोंडातून शब्द निघेना. शेवटी ती टेबलावर ठेवलेल्या रबरी बाळाकडे वळली आणि त्याला म्हणाली, "कोई कह दे इनसे कि गाड़ी मँगा लें."

सगळ्या परत हसल्या. माझं डोकं फिरलं. "ते रबराचं बाळ सांगणार आहे का मला?" मी हिंदीत ओरडले. "आणि तोवर आत बाई मरू दे?"

ती रडायला लागली.  इतक्या वर्षांत मी कुठल्या मुलीला सगळ्यांसमोर असं बोलले नव्हते. बोलले ते तिला, पण चिडले होते मी माझ्यावर.

चहाच्या सुट्टीत मी तिच्या शेजारी जाऊन बसले. माफी मागायची मला नीट येत नाही, मी तिला माझ्यातली बिस्किटं दिली. तिने ती घेतली, खाल्ली नाहीत. मग हळूहळू बोलली. ती घाबरत नाही, असं तिचं म्हणणं. जेठ चांगला माणूस आहे. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तो अंगणात पाऊल टाकायच्या आधी खाकरतो, म्हणजे हिला पदर घ्यायला वेळ मिळावा. हिच्या हातची वस्तू थेट घेत नाही, हिने ठेवायची, मग त्याने उचलायची. हिच्याकडे नजर वर करून त्याने एकदाही पाहिलेलं नाही.

"आठ साल से मेरी लाज रख रहे हैं, दीदी. मैं उनकी कैसे तोड़ दूँ?"

 मी आयुष्यभर समजत होते, की हा फक्त बायकांवर घातलेला धाक आहे. तो आहेच, आजही म्हणेन. पण तिच्या लेखी ते दोघांनी मिळून सांभाळलेलं काहीतरी होतं आणि मी तिथे पंचा गुंडाळून तमाशा केला होता. मला फार थकल्यासारखं झालं.

मग ती म्हणाली, "जिज्जी को सातवाँ लगा है." जिज्जी म्हणजे तिची थोरली जाऊ, त्याच जेठाची बायको. "पैर सूज रहे हैं."

तेव्हा मला कळलं, ती आज का रडली.

त्या आठवड्यात मी गावात गेले, ती थेट तिच्या घरी. सासू दाराशी बसून मूग निवडत होती. मी जावेचा रक्तदाब पाहिला, थोडा वरच होता. जेठ अंगणात उभा होता, मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो हात जोडून "जी दीदी, जी दीदी" करत राहिला. मला किती सोपं होतं! मी कुणाचीच सून नव्हते तिथे. पण मी महिन्यातून एकदा येणार, ते पुन्हा परक्यासारखी. सासूला म्हटलं, "अम्मा, वेळ आली तर तुमच्या धाकट्या सुनेने यांच्याशी थेट बोललं तर चालेल ना?"

म्हातारीने मूग निवडणं थांबवलं नाही. "हम काए के लाने बैठे हैं?" म्हणाली. "हमसे कहे, हम कह देंगे."

दाराआड धाकटी उभी होती, खाटेवर थोरली. दोघींनी ते ऐकलं. मी पण ऐकलं आणि माझी पिशवी उचलली. आणखी काय करता आलं असतं, याचा विचार मी परतीच्या वाटेवर केला नाही. ऊन फार होतं.

त्यानंतर नर्स आठवड्यातून दोनदा जावेचा रक्तदाब मोजून मला फोनवर आकडे कळवायची. मी ते कॅलेंडरवर लिहायची, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. आकडे थोडे वर, थोडे खाली, असे दीड महिना चालले.

मग तो दिवस. गहू निघून गेलेले, शेतं उघडी पडलेली, दुपारचे बारा वाजलेले. मी दुसऱ्याच एका गावाहून येऊन चिरगाँवच्या बाकावर डावीकडे घसरत बसले होते. फोन वाजला.

"दीदी, एक सौ सत्तर, एक सौ बारह. सिर फट रहा है कह रही हैं. आँखों के आगे धुँधला."

मी उठून उभी राहिले. "झटक्यांचं इंजेक्शन?"

"दे दिया. दोनों कूल्हों में. एम्बुलेंस को फोन किया, दूर है, घंटा भर लगेगा. पड़ोस की गाड़ी खड़ी है. जेठजी चबूतरे पे हैं." तिचा श्वास लागला होता. "अम्मा बगल के गाँव गई हैं, गमी में. जेठजी बोल रहे, अम्मा आ जाएँ, पूछ के चलेंगे."

"कुणाशी बोलले ते?"

"दीवार से. मैं भीतर हूँ."

"आशा?"

"वो अम्मा के साथ गई है."

म्हातारी मयताला गेलेली. मला एकदम तिचे मूग निवडणारे हात आठवले. "फोन दे त्यांना," मी म्हटलं. "मी बोलते."

इथे मी खरं ते सांगणार. तिने स्वतः बोलावं, म्हणून मी काही थांबले नाही. पुढे हीच हकिगत मी एका बैठकीत सांगितली तेव्हा लोकांना वाटलं, की मी मुद्दाम संधी दिली, फार दूरदृष्टी दाखवली. मुळीच नाही. आत एक बाई मरायला टेकली होती, मला घाईने निकाल हवा होता आणि जेठ माझं ऐकणार हे मला माहीत होतं. मी पुन्हा म्हटलं, फोन दे.

 मग ती म्हणाली, "कैसे दूँ, दीदी? बीच में कोई नहीं है."

मला समजायला वेळ लागला. तिच्या हातून तो काही घेत नाही. चबुतऱ्यावर फोन ठेवला तरी, उचला, हे सांगायला कुणीतरी हवं. फोन द्यायचा तरी आधी बोलावं लागणार होतं. मी तोंड उघडलं, पण सांगू काय? स्टँडवर एका बसवाल्याने हॉर्न दाबून धरला होता. मी दुसऱ्या कानात बोट घालून उभी राहिले.

तिच्या पायातल्या पैंजणांचा आवाज आला. दाराची कडी. मग तिचा आवाज, बारीक, चिरका, मी कधी न ऐकलेला.

"जेठजी."

मी फोन कानावर आणखी दाबून धरला.

"जेठजी, गाड़ी निकालिए. जिज्जी को अभी झाँसी ले जाना है. अम्मा के आने तक नहीं बचेंगी. मैं नर्स हूँ, मैं कह रही हूँ."

कुणीतरी खाकरलं. तेच खाकरणं असणार, आठ वर्षांचं. मग धावत गेलेली पावलं, वहाणा न घातलेली. लांबून गाडीच्या मालकाला मारलेली हाक. आणि फोनमध्ये तिचं रडणं, जे तिने लगेच आवरलं. "दीदी, रखती हूँ. जिज्जी को उठाना है."

मी बाकावर बसले.  शेजारच्या बाईने विचारलं, घर में सब ठीक? मी म्हटलं, हो.

झाशीच्या मोठ्या दवाखान्यात मी त्यांच्या आधी पोहोचले आणि ओळखीच्या सिस्टरला सांगून ठेवलं. ऑपरेशन झालं. मुलगी झाली, लहानशी, पण पहिल्या मिनिटाला रडली. आई वाचली. ओसरीच्या एका टोकाला जेठ उभा होता, पायात वहाणा नव्हत्याच. दुसऱ्या टोकाला नर्स, पदर पार हनुवटीपर्यंत. मधे वीस पावलांचं अंतर. मी दोघांनाही चहा नेऊन दिला. चहा मी दिला, तेव्हा दोघांनीही घेतला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. बैठकीत मी इथेच संपवली आणि टाळ्या झाल्या. तेव्हा मी आणखी एक वाक्य बोलले, की सुनेला तिच्या सासरच्या गावात नेमताना आधी तिला विचारा आणि तिचा आवाज नीट ऐका. हे बोलताना मी साहेबांकडे नाही, माझ्या वहीकडे बघत होते. त्यांनी मान हलवली. बाबूने टिपून घेतलं. त्यापुढे काय झालं, मला माहीत नाही.

दीड महिन्याने मी त्या गावात गेले. फरशी पुसलेली होती, औषधं लावलेली होती. नर्सच्या गालांची हाडं वर आली होती. रजिस्टर तपासून झालं तसं तिने त्यातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. बदलीचा अर्ज.

घरात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. अम्मा गमीहून परत आली आणि सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "बहू के बोल फूट आए." मधलं माणूस म्हणून तिची जी जागा होती, ती तिला न विचारता गेली होती. तेव्हापासून ती हिच्याशी अबोला धरून होती. नवरा आईच्या बाजूने गप्प. जाऊ तेवढी स्वयंपाक करताना हळूच हिच्या ताटात जास्तीची भाकरी ठेवायची. जेठाने अंगणात यायचंच सोडलं होतं. खाकरणंही बंद.

"मैंने ठीक किया था न, दीदी?"

"ठीक केलंस."

"तो फिर इतना सूना क्यों लगता है?"

मी तिचा हात हातात घेतला. वॉर्डात काम करून करून माझे हात खरखरीत झालेत, तिचेही आता तसेच व्हायला लागलेत. मला रडू येत होतं आणि मी रडले नाही, कारण मग अर्जावर शिफारशीची सही कोण करणार? तो मंजूर झाला तर ती सुटली. आणि ते उपकेंद्र पुन्हा रिकामं. मी दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते, माझ्या जागी कुणी येणार की नाही हेही ठरलं नव्हतं. खरं सांगते, मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. मी पेनाचं टोपण काढलं.

दारात सावली पडली. जेठ होता. आत आला नाही, उंबऱ्याच्या बाहेरच, चौकटीला एक हात लावून, पाठ आमच्याकडे करून उभा राहिला. आणि त्या चौकटीला म्हणाला,

"कोई पूछ ले भीतर, मोड़ी को टीका कब लगेगा."

मोड़ी म्हणजे मुलगी, टीका म्हणजे लस. आत आम्ही दोघीच होतो, आशा वस्तीत गेलेली. सवयीने माझं तोंड उघडलं. तारीख मला पाठ होती, समोर भिंतीवर लिहिलेलीच होती. मी तोंड मिटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढं जड काही गेलं नसेल.

तिने पदर पुढे घेतला, नेहमीसारखा. उठून उभी राहिली.

"बुधवार को, जेठजी. सुबह लाइए, धूप से पहले. और जिज्जी को भी लाइए, बीपी देखना है."

तो तसाच उभा राहिला. मला त्याची फक्त मान आणि एक कान दिसत होता. चौकटीवरचा हात खाली-वर फिरला.

"कह दो, ले आएँगे," तो चौकटीला म्हणाला आणि निघाला. हापशापाशी पोहोचल्यावर खाकरला.

तिने पदर मागे सारला. मग माझ्या हातातल्या पेनाकडे तिचं लक्ष गेलं.

"सही कर दीजिए, दीदी," ती म्हणाली. "तारीख अभी मत डालिए."

मी सही केली आणि तारखेची जागा कोरी ठेवली. कागद तिने घेतला नाही, म्हणून मी तो घडी घालून पर्समध्ये टाकला. निवृत्त होऊनही आता बरेच महिने झाले. पर्स तीच आहे, कागदही तिच्यातच आहे. फोन वाजला की अजून वाटतं, तारीख घालायला सांगणार. पण ती रक्तदाबाचे आकडे सांगते, दुसऱ्या कुणा बाईचे, आणि मी ते कॅलेंडरवर लिहून ठेवते.